किलो म्हणजे नुसते हजार

रामपायली या नावात एक माप दडले आहे, असे मराठी कानाला वाटते. बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनी तहसिलीत, वैनगंगेला मिळणाऱ्या चंदन नदीच्या काठी हे गाव आहे. रामाचे पाय इथे लागले म्हणून रामपायली, असे लोक सांगतात, आणि रामाचे जुने देऊळही गावात आहे. म्हणजे नावातली पायली पायांची, धान्याची नव्हे. पण मुलूख सगळा धानाचा. खळ्यावर बसून पायलीमागून पायली मोजणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ डोकावणारच. त्यात भर म्हणजे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणण्याची आपल्याकडची रीत. मराठी मुलखात ‘लाभ’ म्हणतात आणि पुढे दोन, तीन; हिंदी मुलखात एकाच्या जागी ‘राम’ म्हणतात. रामपायली तर या दोन मुलखांच्या सीमेवर. तेव्हा राम-पायली म्हणजे पहिली पायली, असे कुणी म्हटले तर व्युत्पत्तीवाले रागावतील. मापारी मात्र हसून मान डोलावेल.

ही पायली कशी गेली आणि तिच्या जागी किलो कसा आला, ही तशी छोटी गोष्ट. पण ती ज्या वेळी घडली तो काळ या सीमेवरच्या गावांसाठी मोठा विलक्षण होता.

बालाघाट जिल्हा झाला १८६७ साली, भंडारा, मंडला आणि सिवनी या तिन्हींचे तुकडे जोडून. धान, मँगनीज आणि जंगल ही त्याची दौलत. पोवारी, मराठी, गोंडी आणि हिंदी या त्याच्या बोली. कोर्टकचेरी, कॉलेज, दवाखाना या सगळ्यांची वाट नागपूरकडे जायची, कारण राजधानीच नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला गेली. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ रोजी नाणे बदलले. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत आणि निवडक धंद्यांत नवी वजने सुरू झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. १ एप्रिल १९६२ पासून देशभर मेट्रिक वजने सक्तीची झाली. साडेपाच वर्षांत रामपायलीच्या माणसाची राजधानी बदलली, खिशातला पैसा बदलला आणि दुकानातले वजनही बदलले. शेजारचे राज्य तर दोनदा बदलले. इतके सगळे एकदम हलल्यावर शेर गेल्याचे दुःख करायला फुरसत कुणाला होती?

आता जाणारे काय होते ते आधी पाहू.

शाळेत कोष्टके पाठ केलेल्या पिढीला ती अजून येतात. दोन नेळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडिशरी किंवा अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळांचा. आणि वीस मणांची खंडी. ही मापाची बाजू. वजनाची वेगळी: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. शेर दोन्हीकडे आहे आणि दोन्हीकडचा एकच असेल याची खात्री नाही. मणाचे तर विचारूच नका. इंग्रजी अमदानीतला मुंबईचा मण २८ पौंडांचा, मद्रासचा २५ पौंडांचा आणि बंगालचा ८२ पौंडांहून थोडा जास्त. नाव एक, पण बंगालच्या एका मणात मुंबईचे जवळजवळ तीन मण मावायचे.

पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत आणि बालाघाटच्या धानपट्ट्यात पायलीच्या जोडीला कुडव होता, बोलीत कुडो. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो थेट भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त भेटतो. ११५० सालच्या त्या ग्रंथाच्या आरंभीच मापांची कोष्टके आहेत. चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण, सोळा द्रोणांची खारी. खारी म्हणजे काय, तर लांबी, रुंदी, उंची एकेक हात असलेला घन. हाताची लांबी ठरवा, तिच्यावर धान्याचे माप बांधा, ही कल्पना चाळीसगावजवळच्या पाटणशी ज्यांच्या घराण्याचे नाव जोडलेले आहे त्या गणित्याच्या पोथीत साडेआठशे वर्षांपूर्वी आहे. फ्रेंचांनी पुढे हेच केले, फक्त हाताच्या जागी पृथ्वी घेतली.

या जुन्या व्यवस्थेचे शहाणपण निमपटीत आहे. पायली म्हणजे चौसष्ट नेळवी, रुपया म्हणजे चौसष्ट पैसे. चौसष्टाचे अर्धे करत जा, शेवटपर्यंत अपूर्णांक येत नाही. तागडीची दोन पारडी असली की वजनेही लागत नाहीत: ढीग दोन्ही पारड्यांत सारखा करा, झाले निम्मे; त्याचे पुन्हा निम्मे करा, झाला पाव. अक्षरशत्रू माणसालाही जमणारे हे गणित आहे. दशमानात ही सोय नाही. दहाचे अर्धे पाच, पाचाचे अर्धे अडीच, आणि तिथून पुढे दशांशचिन्ह सुरू.

व्यवस्थेची खोड मात्र तिच्या नावांत होती. प्रत्येक पायरीला स्वतंत्र नाव. नेळवे म्हटले की ते कोळव्याच्या निम्मे, हे पाठच असावे लागे. शब्दातून काही कळत नसे. लांबीला अंगुळ, वीत, हात, कोस. जमिनीला आणखी निराळी नावे. एक शिडी पाठ केली तरी दुसरी चढता येत नसे. शिवाय मापाने मोजण्यात शीग होती. काठोकाठ भरायचे की वर निमुळता ढीग करायचा? ‘उत्सुकता शिगेला पोचली’ असे आपण सहज लिहितो. ती शीग या ढिगाचीच. मजुराला धान देताना हात सपाट फिरायचा आणि कुळाकडून घेताना शीग चढायची, हे सांगायला इतिहासाच्या पुराव्याची गरज पडू नये.

तिकडे फ्रान्समध्येही हाच गोंधळ होता, तिथल्या जहागिरदारांनी वाढवलेला. क्रांतीनंतर फ्रेंचांनी ठरवले की माप कुणा राजाच्या पायाचे नको. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर. दलांब्र आणि मेशँ या दोघा खगोलज्ञांनी डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजायला १७९२ मध्ये सुरुवात केली. युद्धाच्या धामधुमीत ते काम पुरे व्हायला सहा वर्षे लागली. दरम्यान ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने नावे ठरली. आणि इथे त्यांनी खरी युक्ती केली. प्रत्येक पायरीला नवे नाव द्यायचे नाही. नाव एकच, त्याच्या मागे उपसर्ग. मोठे करायचे तर ग्रीक शब्द: डेका म्हणजे दहा, हेक्टो म्हणजे शंभर, किलो म्हणजे हजार. लहान करायचे तर लॅटिन: डेसी म्हणजे दहावा, सेंटी म्हणजे शंभरावा, मिली म्हणजे हजारावा भाग. ही सहा नावे मीटरला लावा, ग्रॅमला लावा, लिटरला लावा. अर्थ बदलत नाही.

आपल्या व्याकरणात उपसर्ग असे गुणाने वागत नाहीत. एका हारला आ, वि, प्र, सं लावले तर आहार, विहार, प्रहार, संहार होतात, आणि जेवण, फिरणे, मारणे व नाश यांत नाते शोधायला पंडित बसवावा लागतो. फ्रेंचांचा उपसर्ग शिपायासारखा: कुठेही उभा करा, काम तेच.

या परक्या वाटणाऱ्या शब्दांत परके फार नाही, हे जाता जाता सांगायला हवे. डेका आणि आपले दश एकाच घरचे, सेंटी आणि शत सख्खे. किलोचा ग्रीक पूर्वज आणि आपले सहस्र यांचेही मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. मिली मात्र पोरांना हमखास घोळात पाडतो, कारण लॅटिनमध्ये तोही हजारच. किलोही हजार, मिलीही हजार. एक गुणतो आणि दुसरा भागतो. रोमन सैन्याची हजार दुहेरी पावले म्हणजे एक मैल, तो मैल याच शब्दाचा. रस्त्यावरून मैलाचा दगड काढून किलोमीटरचा बसवला तेव्हा लॅटिन हजार उठला आणि ग्रीक हजार बसला, इतकेच.

पण कागदावर इतकी सुंदर असलेली ही नावे फ्रेंच माणसाने झिडकारली. बाजारात कुणी डेकाग्रॅम म्हणेना. १८०० साली सरकारने माघार घेतली आणि किलोग्रॅमला ‘लिव्र’ म्हणा, डेसीमीटरला ‘पाल्म’ म्हणा, अशी मुभा दिली. १८१२ मध्ये नेपोलियनने तर अर्ध्या किलोचा लिव्र चालू केला. शेवटी १ जानेवारी १८४० पासून सक्ती झाली. कायद्यापासून सक्तीपर्यंत पंचेचाळीस वर्षे गेली. भारताला, १ ऑक्टोबर १९५८ पासून धरले तर, साडेतीन वर्षे लागली. आपण शिस्तप्रिय होतो असा त्याचा अर्थ मी काढत नाही. इतरांच्या ठेचा बघून आपण चाललो.

किलो भारतात त्याआधी सुमारे पंच्याऐंशी वर्षे येऊन दारातून परत गेला होता, हे फारसे कुणाला माहीत नसते. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात, १८७१ साली, वजनमापांचा एक कायदा झाला. त्यात शेर हेच मूळ वजन धरले होते, आणि तो शेर बरोबर एका किलोग्रॅमचा असेल असे म्हटले होते. नाव देशी, वजन फ्रेंच. पुढच्याच वर्षी मेयोचा अंदमानात खून झाला आणि कायदा अमलात आलाच नाही. आला असता तर आज आपण शेरभर साखर आणली असती आणि ती नेमकी १००० ग्रॅम भरली असती. १९३९ च्या कायद्याने उलट तोळा पक्का केला, १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यावरून ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम आणि मण ३७.३२ किलो.

स्वातंत्र्यानंतर नावांचा प्रश्न पुन्हा आला. तो काळच शब्द घडवण्याचा होता. नागपुरात डॉ. रघुवीर मध्यप्रांत सरकारसाठी संस्कृतातून पारिभाषिक शब्दांच्या राशी घालत होते, आणि नागपूरच्या कचेरीतून बालाघाटला जाणाऱ्या कागदांवर ते शब्द उमटतही होते. मापांना देशी नावे द्यावीत, असा आग्रह धरणारे लोक त्या वातावरणात असणे साहजिक होते. सामग्रीही घरात होती. ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष इथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत, प्रत्येक दहा पट. शतमीटर, सहस्रग्रॅम असे काहीतरी सहज बनवता आले असते. पण संसदेने जगात चालणारी नावेच घेतली. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस आणि भारतीय मानक संस्थेचे लालचंद वर्मन यांच्यासारख्या लोकांचे म्हणणे साधे होते: माप जगाचे घ्यायचे आणि नाव मात्र आपले, तर बदलण्यातला अर्धा फायदा गेला. मला तो निर्णय बरोबर वाटतो. सहस्रग्रॅम कुणी म्हटले नसते. लोकांनी शेरच म्हटले असते.

गंमत अशी की नाण्याच्या वेळी उलट झाले. शंभरावा भाग म्हणजे सेंटी, अमेरिकेचा सेंट त्यातूनच आला. पण आपण त्याला पैसाच म्हटले, मागे ‘नवा’ लावून. नवा हाही उपसर्गच म्हणायचा. ३ पैंचा एक पैसा, ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया, म्हणजे १९२ पैंचा रुपया. त्याचे १०० नवे पैसे झाले. चार आणे म्हणजे २५ आणि आठ आणे म्हणजे ५०, हे चोख बसले. पण एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा. सरकारी तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ नवे पैसे असे लिहिले होते. म्हणजे दोन आणे एकदम मोडले तर १२ आणि तिसरा वाढला की सात पैशांची उडी. हा पाव-अर्ध्या पैशाचा फरक कुणाच्या खिशात गेला, यावर किती घासाघीस झाली असेल ते जुन्या पिढीच्या आठवणींतच ऐकावे. १ जून १९६४ पासून ‘नवा’ गळाला आणि पैसा तेवढा उरला.

वजनाच्या बाबतीत घासाघीस निराळी होती. किलो हा शेरापेक्षा सुमारे पावणेसहा तोळ्यांनी जड, म्हणजे एक छटाक आणि वर पाऊण तोळा. भाव शेराचाच ठेवला तर दुकानदार बुडायचा, वाढवला तर गिऱ्हाईक म्हणायचे की सरकारने महागाई आणली. दोघांचेही बरोबर होते, फक्त हिशेब सात टक्क्यांचा होता आणि तोंडी सात टक्के काढणे कुणाच्या हाती नव्हते.

दुकानात नवी वजने आली ती बिडाची, षटकोनी, खळग्यात शिसे ओतून त्यावर निरीक्षकाचा शिक्का मारलेली. आजही खेड्यातल्या किराण्यात ती दिसतात. त्यांचा क्रम नीट पाहा: १ किलो, ५०० ग्रॅम, २००, १००, ५०. पाच, दोन, एक. त्यात पाव किलोचे वजन नाही. मराठी माणूस सर्वांत जास्त मागतो ते पाव किलो, आणि त्यासाठी दुकानदार २०० आणि ५० अशी दोन वजने टाकतो. अदपाव मागितले तर १००, २० आणि ५. निमपटीची जुनी शिडी काढून पाच-दोन-एकची नवी लावली, पण चढणारा माणूस अजून जुन्याच पायऱ्यांवर पाऊल टाकतो.

इथेच खरी गोष्ट आहे. मराठीला स्वतःचे उपसर्ग आधीपासून होते: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. तेही कुठेही लागतात आणि कुठेही तोच अर्थ देतात. पावशेर, सव्वाशे, दीड हजार, अडीच कोस, पाऊण तास. फ्रेंच क्रांतीने जे जुळवून आणले ते आमच्या तोंडात अपूर्णांकांपुरते का होईना, तयार होते. म्हणून किलो आला तेव्हा आम्ही त्याला या उपसर्गांच्या ताब्यात दिले. पाव किलो, दीड किलो, सव्वा किलो. आणि मग एक अजब गोष्ट केली: ग्रॅम टाकून दिला. ‘दोन किलो तांदूळ’ या शब्दांचा अर्थ काटेकोरपणे लावला तर दोन हजार तांदूळ. हजार काय, ते सांगायची गरज कुणाला वाटत नाही. उपसर्गाचे नाम झाले आणि मूळ नाम गेले. युरोपातही किलो नुसता चालतो, तेव्हा हा दोष एकट्या आपला नाही. पण मिलीलिटरचे ‘एमएल’, मिलीमीटरचे ‘एमएम’ आणि हल्ली गिगाबाइटचे ‘जीबी’ पाहता आपल्याला पूर्ण नाव उच्चारायचा कंटाळाच दिसतो.

किलोने असे राज्य मिळवले, तर त्याचे भाऊ कुठे गेले? शाळेत सगळे एका रांगेत उभे असत: किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. पोरे एका दमात म्हणत आणि शाळा सुटली की त्यातले तीन विसरत. डेका तर समूळ गेला. हेक्टो लपून राहिला तो जमिनीत. आर म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि शंभर आर म्हणजे हेक्टर. हेक्टोतला ‘ओ’ गाळून हा शब्द झाला. गोंदियाच्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर ‘हेक्टर-आर’ असते, रामपायलीच्या शेतकऱ्याच्या खसऱ्यावर ‘हेक्टेयर’. दोघेही बोलताना मात्र एकर म्हणतात. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. गुंठा १०१ चौरस मीटरांच्या जरा वर भरतो, म्हणून आर आणि गुंठा लोक एकच धरतात, आणि प्लॉट पाडताना हा एक-सव्वा चौरस मीटरचा फरक कुणाला दिसत नाही.

डेसी सापडतो दवाखान्यात. ज्याने जन्मात डेसीलिटर दूध आणले नाही, त्याच्या रक्तातली साखर मिलीग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये येते आणि हिमोग्लोबिन ग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये. डेसी म्हणजे दहावा, तेव्हा डेसीलिटर म्हणजे १०० मिलीलिटर, चहाचा एक बऱ्यापैकी कप. इतक्या रक्तात किती साखर, असा तो आकडा.

दवाखान्यात आणखी एक उपसर्ग आहे आणि त्याच्याशी खेळू नये. थायरॉइडची गोळी मायक्रोग्रॅममध्ये असते, बहुतेक बाकीच्या मिलीग्रॅममध्ये. मायक्रो म्हणजे मिलीचाही हजारावा भाग, म्हणजे मूळ मापाचा दहा लाखावा. रोमन लिपीत मायक्रोची खूण ग्रीक ‘म्यू’. घाईने लिहिली की ‘एम’सारखी दिसते आणि डोस हजारपट होण्याचा धोका येतो. म्हणून ती खूण टाळून ‘एमसीजी’ लिहिण्याची पद्धत पडली. त्याच लिपीत लहान ‘एम’ म्हणजे मिली आणि मोठा ‘एम’ म्हणजे मेगा. दोन्हींत शंभर कोटी पटींचे अंतर. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, त्यामुळे हा एक अपघात आपल्या लिपीत होत नाही. मात्र ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मा.ग्रॅ.’ यांत वेलांटी-कान्याचाच फरक उरतो, हेही खरे.

मेगापासून वरचे उपसर्ग रामपायलीत वेगळ्या वाटेने आले: विजेच्या बातमीतून आणि मग मोबाइलमधून. मेगा म्हणजे ग्रीकमध्ये थोरला. तो दहा लाख. गिगा म्हणजे राक्षस. तो शंभर कोटी, म्हणजे आपले अब्ज. टेरा म्हणजे अक्राळविक्राळ. तो एक लाख कोटी, अर्थसंकल्पाच्या बातमीत येतो तोच आकडा. आपण हजारानंतर शंभरशंभराने चढतो, हे उपसर्ग हजारहजाराने. म्हणून किलो आणि हजार चपखल बसतात आणि पुढे प्रत्येक पायरीला थोडे थांबून हिशेब करावा लागतो. १९६० मध्ये पॅरिसच्या वजनमाप परिषदेने टेरापासून पिकोपर्यंतची यादी पक्की केली. १९६४ मध्ये फेम्टो आणि ऍटो आले, डॅनिश भाषेतल्या पंधरा आणि अठरा या अंकांवरून. अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२२ मध्ये, रोना आणि क्वेटा आले. क्वेटा म्हणजे एकावर तीस शून्ये. जगात साठणारी माहिती मोजायला आधीचे शब्द अपुरे पडू लागतील, हे त्याचे एक कारण. भास्कराचार्यांचे परार्ध एकावर सतरा शून्यांशी थांबते. तेवढ्यात त्यांचे भागत होते.

याच माहितीच्या मापात निमपट चोरपावलांनी परत आली. कॉम्प्युटर दोनच्या घातांत मोजतो, म्हणून त्याच्या लोकांनी १०२४ ला किलो म्हणायला सुरुवात केली, हजाराच्या जवळ आहे एवढ्यावर. उपसर्गाचे सगळे भूषण म्हणजे तो कुठेही तोच अर्थ देतो. तेच इथे मोडले. अखेर १९९८ मध्ये १०२४ साठी ‘किबी’ हा निराळा उपसर्ग काढावा लागला, आणि तो डेकाइतकाच दुर्लक्षित राहिला. मी सहज ‘लीलावती’तले कोष्टक गुणून पाहिले. सोळा द्रोणांची खारी, चार आढकांचा द्रोण, चार प्रस्थांचा आढक, चार कुडवांचा प्रस्थ. एका खारीत १०२४ कुडव भरतात.

जुनी मापे पूर्ण जात नाहीत. ती आकडे मोडून राहतात. बालाघाटची नॅरोगेज अडीच फुटांची होती, कागदोपत्री ती ७६२ मिलीमीटर. आता तिथे ब्रॉडगेज आहे, ती १६७६ मिलीमीटर, म्हणजे साडेपाच फूट. मिली लावला तरी आतला फूट झाकत नाही. सराफाकडचा तोळा याच्या उलट गेला: नाव टिकले आणि वजन बदलून सरळ १० ग्रॅमचे झाले. बाजार समितीत धान क्विंटलने जोखले जाते. शंभर किलोचा हा क्विंटल कुठल्याच मेट्रिक उपसर्गातून आलेला नाही. तो अरबी ‘किंतार’मधून युरोपभर फिरून आपल्याकडे आला. दशमानात चपखल बसला म्हणून कुणी त्याला जात विचारली नाही. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तोही विकला जातो किलोने आणि क्विंटलनेच. वजने तपासणाऱ्या खात्याला सीमेच्या अलीकडे वैधमापन म्हणतात, पलीकडे नापतौल. किलो दोन्हीकडे तोच; आपण फक्त ‘किलोग्रॅम’ लिहितो आणि ते ‘किलोग्राम’.

खुद्द किलोग्रॅमचाही ठोकळा आता गेला. पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल, ज्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे, तो २० मे २०१९ पासून प्रमाण राहिला नाही. किलोग्रॅम आता प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. तरी जगभरच्या मूळ मापांत उपसर्गासकट असलेले ते एकटेच आहे. मूळ माप खरे तर ग्रॅम असायला हवे होते. ग्रॅम फार लहान पडला म्हणून हजार ग्रॅमचा ठोकळा घडवला गेला, आणि नावात ते ‘हजार’ कायमचे चिकटून राहिले. किराणा दुकानात आपण जे केले, ते शास्त्रज्ञांनी आधीच केले होते.

चार आण्यांच्या जागी आलेल्या २५ पैशांच्या नाण्याला आपण पावलीच म्हणत राहिलो. ३० जून २०११ पासून ते चलनातून बाद झाले. पाव किलो चालू आहे.